‘लीगल’ बेटिंग ॲप शोधताय? पैसे टाकायच्या आधी कोकणातल्या माणसाने काय काय तपासावं

सरळ उत्तर आधी देतो, मग बाकीचं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, किंवा महाराष्ट्रात कुठेही बसून क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, कशावरही मोबाईलवरून पैसे लावायला आज एकही कायदेशीर ॲप नाही. एकही म्हणजे एकही. त्यामुळे "टॉप टेन लीगल ॲप" अशी यादी कोणी दिली तर ती यादी करणाऱ्याला प्रत्येक नवीन आयडीमागे (म्हणजे बेटिंगच्या खात्यामागे) कमिशन मिळत असणार असं धरूनच चालायचं.

मग एवढं मोठं लिहायचं कशाला? कारण आयपीएल सुरू झाली की कुडाळच्या टपरीवर काय नि चिपळूणच्या स्टँडवर काय, कोणीतरी मोबाईल पुढे करतोच, "अरे ह्या लीगल आसा, लायसन बघ ना खाली लिवलेला." आणि खाली खरंच काहीतरी लिहिलेलं असतं. ते काय असतं, ते कसं वाचायचं, आपल्याकडचा नियम नक्की काय म्हणतो, आणि आपल्या गावचे जे दुबईला, कुवेतला, लंडनला किंवा जहाजावर आहेत त्यांनी काय बघायचं, हे एकदा नीट मांडून ठेवतो.

पहिली पायरी: नियम समजून घ्या, ॲप नंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही, इतक्या फटाफट. त्याआधी सगळा वाद एकाच गोष्टीवर चालायचा, गेम कौशल्याचा की नशिबाचा. कौशल्याचा असेल तर चालतो, नशिबाचा असेल तर जुगार. रमीवर १९६८ मध्ये, घोड्यांच्या शर्यतीवर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कौशल्याचा खेळ आहे असं सांगितलं होतं आणि फँटसी क्रिकेटवाले (खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून गुण मिळवायचा खेळ) त्याच दोरीला धरून वर चढले. नव्या कायद्याने ती दोरीच कापली. पैसे भरून, पैसे किंवा पैशासारखं काही जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळत असाल तर तो "ऑनलाइन मनी गेम", मग त्यात डोकं लागो नाहीतर नशीब. आणि पैसे म्हणजे फक्त रुपये नव्हेत, कॉइन, टोकन, क्रेडिट, जे पैशात बदलता येतं ते सगळं त्यात आलं. त्यामुळे "आमच्याकडे पैसे नाहीत, कॉइन आहेत" ही पळवाट पहिल्याच दिवशी बंद झाली.

शिक्षा कोणाला हे नीट वाचा, कारण इथे लोकांची फार गल्लत होते.

असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्याला पीडित मानलंय. आता हे ऐकून पोरं खूश होतात, की चला, आपल्याला काय होत नाही. थांबा जरा. तुम्ही स्वतःची लिंक स्टेटसला ठेवली, चार मित्रांना आयडी काढून दिली, त्यांचे पैसे तुमच्या जीपेवरून पुढे पाठवले, की तुम्ही खेळणारे राहत नाही. जाहिरातीची व्याख्या बरीच रुंद आहे, कुठल्याही माध्यमातून, थेट किंवा आडून, कोणाला खेळायला प्रवृत्त करणं त्यात येतं. पैसे फिरवणं तर त्याहून वर. आपल्या भागात "एजंट" म्हणून फिरणारी बहुतेक पोरं ही अशीच, स्वतः खेळत खेळत दुसऱ्यांना आणणारी.

आणि मंडळांनी पण हे वाचावं. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा, कबड्डीच्या स्पर्धा, सगळीकडे स्पॉन्सर लागतो. कोणी येतो, टी-शर्टवर आणि बॅनरवर लोगो टाका म्हणतो, नाव असतं काहीतरी "न्यूज" किंवा "स्पोर्ट्स" लावलेलं. बेटिंग साईटच्या नावाला शेपूट जोडून अशा आडून जाहिराती करू नका म्हणून माहिती प्रसारण खात्याने २०२२ मध्येच दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, माध्यमांना सांगितलं होतं. गावच्या मंडळाच्या अध्यक्षाला ते माहीत असायचं कारण नाही, पण बॅनरवर नाव मंडळाचं आणि अध्यक्षाचंच असतं. त्यामुळे अनोळखी स्पॉन्सर आला की ते नाव एकदा सर्च करून बघा, दोन मिनिटं लागतात.

गेमिंग कंपन्या या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या, हे खरं आहे. पण केस चालू असणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे, आणि "कोर्टात आमच्या बाजूने लागणार आहे" असं सांगून आज पैसे घेणारा माणूस तुमच्या पैशाने जुगार खेळतोय.

राज्याचा जुना कायदा अजून जिवंत आहे

महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. इंग्रजांच्या काळचा, मोबाईल तर सोडाच, तेव्हा आपल्याकडे धड रस्ते नव्हते. पण तो मटक्याच्या केसेसमध्ये आजही रोज वापरला जातो. त्याच्यात जुगाराचा अड्डा चालवणं गुन्हा आहे आणि अड्ड्यावर सापडणं पण. म्हणजे वाडीतल्या एखाद्या खोलीत टीव्ही लावून, एक जण वहीत भाव लिहितोय, "लावतो" (टीमवर पैसे लावणं) "खातो" (तिच्याविरुद्ध लावणं) चाललंय, त्यातून कमिशन काढतोय आणि तुम्ही तिथे बसलाय, तर केंद्राचा कायदा खेळणाऱ्याला सोडतो वगैरे तिथे चालणार नाही. रस्त्यावर, सार्वजनिक जागी जुगार खेळणं हा वेगळा गुन्हा. टोळी करून बेकायदा सट्टा चालवला तर भारतीय न्याय संहितेचं ११२ कलम आहे, त्यात १ ते ७ वर्षं.

गणपतीत रात्री जागरणाला घरात पत्ते बसतात तो विषय मुद्दाम काढत नाही, समजून घ्या.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पैजेचा करार आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. म्हणजे तुम्ही ८० हजार जिंकलात, ॲपने दिले नाहीत, तर तुमच्या हातात काय? काही नाही. जगात जिथे बेटिंग कायदेशीर आहे तिथे ग्राहकाला सगळ्यात मोठा आधार हाच, की पैसे अडकले तर जायला जागा आहे. आपल्याकडे ती जागाच नाही, म्हणून "चांगलं ॲप, पेमेंट देतं" ही चर्चाच मला फुकटची वाटते. देतं तोवर देतं.

"पण गोव्यात चालतं ना?"

बांदा ओलांडला की पत्रादेवी, आणि तिथून पुढे सगळं माफ, असा आपल्याकडे समज आहे. गोव्याचा १९७६ चा जुगार कायदा आहे, त्यात नंतर सुधारणा करून फाइव्ह स्टार हॉटेलांना आणि मांडवीतल्या बोटींना कॅसिनोची परवानगी दिली. परवानगी त्या जागेला आहे, त्या टेबलांना आहे. मोबाईलवर क्रिकेटचा भाव लावायला नाही. पणजीत हॉटेलच्या रूममध्ये बसून आयडीवर खेळलात तर ते कुडाळात खेळल्याइतकंच बेकायदा.

सिक्कीमचं नाव पण खूप घेतात. तिथे २००८ चा ऑनलाइन गेमिंगचा राज्य कायदा होता आणि परवाने दिले गेले, पण २०१५ च्या सुधारणेनंतर ते राज्याच्या हद्दीतच, ठरवून दिलेल्या ठिकाणच्या मशीनवर खेळण्यापुरते राहिले. सावंतवाडीतल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी पायरी: ॲप समोर आलं की काय बघायचं

आता समजा कोणी लिंक पाठवलीच. खालचं सगळं तपासायला दहा मिनिटं लागतील, आणि माझा अंदाज की पहिल्या दोन गोष्टींतच विषय संपेल.

ते येतं कुठून? प्ले स्टोअरवर नसेल आणि व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून एपीके फाइल (स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल) टाकायला सांगत असतील तर तिथेच थांबा. बेटिंग तर राहू दे, ती फाइल तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागू शकते आणि एसएमएस म्हणजे ओटीपी. इन्स्टॉल करून झालं असेल तर आधी नेट बंद करा, मग ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला, याच क्रमाने. प्ले स्टोअरवर असलं म्हणून लगेच चांगलं असंही नाही, साधा स्कोअर दाखवणारा किंवा कॅल्क्युलेटरसारखा दिसणारा ॲप टाकून आतून बेटिंगच्या साईटवर नेणारे प्रकार होतात.

लायसन्स कोणाचं? बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरात कुरासाव लिहिलेलं असतं. कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे ते. असेलही त्यांच्याकडे तिथलं खरं लायसन्स, पण त्याचा इथे उपयोग काय? गोव्यात रीतसर बिल घेऊन घेतलेली दारू महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या नाक्यावर दाखवून "बिल आहे ना साहेब" म्हणण्यासारखं आहे ते. बिल खरं, दुकान खरं, दारूही खरी, आणि केस पण खरी. नवा कायदा तर स्पष्टच म्हणतो की बाहेरच्या देशातून चालवलेली पण भारतात दिली जाणारी सेवासुद्धा त्याच्या कक्षेत येते.

पैसे कुठे जातात? हा माझ्या मते सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खात्रीचा तपास. डिपॉझिटचं बटण दाबा, पैसे न भरता नुसतं बघा. यूपीआयवर कंपनीचं नाव येतं का कोणा व्यक्तीचं? एखादं किराणा स्टोअर, कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव, आणि परत उघडलं की दुसरंच नाव, तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत. कुठलाही खरा धंदा रोज खातं बदलत नाही.

गिऱ्हाईक सेवा कुठे आहे? फक्त व्हॉट्सॲप नंबर आणि त्यावर एखाद्या मुलीचा डीपी, "हाय सर आयडी चाहिए" असं असेल तर मागे कंपनी नाही, बुकी आहे. महादेव ऑनलाइन बुक असंच चालायचं, व्हॉट्सॲपवर आयडी आणि गावोगाव पॅनल (आयडी वाटणारे एजंट). नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने महादेवसकट २२ बेटिंग ॲप आणि साईट बंद करायला लावल्या. पण अशा साईट एका नावाने बंद झाल्या की दुसऱ्या नावाने उघडतात, म्हणून "बंद झालेल्यांच्या यादीत नाव नाही" याचा अर्थ कायदेशीर असा होत नाही.

सेलिब्रिटी बघून ठरवू नका, हे वेगळं सांगायला नको. ड्रीम११ या फँटसी ॲपचं नाव टीम इंडियाच्या जर्सीवर होतं. कायदा आल्यावर त्याच महिन्यात त्यांनी पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, बीसीसीआयसोबतचा करारही सुटला. तेव्हा आज कोणी "ड्रीम११ चं पेड व्हर्जन" म्हणून लिंक दिली तर ती शंभर टक्के फसवणूक.

बोनसचं गणित एकदा करून बघा

हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण कायद्याचं ऐकून कोणी थांबत नाही, हिशोबाचं ऐकून थांबतो.

दोन्ही टीम सारख्या ताकदीच्या आहेत असं धरा. प्रामाणिक भाव २.०० हवा, म्हणजे १०० लावले तर २०० परत. ॲप देतं दोन्हीकडे १.९०. तुम्ही १०० लावता, अर्ध्या वेळा १९० येतात, अर्ध्या वेळा शून्य, सरासरी ९५. प्रत्येक शंभराला ५ रुपये गेले, मॅच कोणीही जिंको. आता "१००० रुपये बोनस फ्री" बघा. अटीत लिहिलेलं असतं, बोनस काढायच्या आधी २० पट खेळा. १००० चे २० पट म्हणजे २०,००० रुपयांचं लावायचं. २०,००० वर ५ टक्के किती? १०००. जेवढा बोनस दिला तेवढाच सरासरीने परत गेला, आणि मधल्या काळात तुम्हाला रोज ॲप उघडायची सवय लागली ती वेगळी. सेशन आणि फॅन्सीमध्ये (ठराविक ओव्हरमध्ये किती रन, असल्या मधल्या पैजा) तर हा कट याहून जास्त असू शकतो, कारण तिथे भाव तपासायला दुसरं काही समोर नसतं, बुकी म्हणेल तो आकडा.

तिसरी पायरी: परदेशात असाल तर

खेड, मंडणगड, दापोली, राजापूर, सगळीकडून पोरं आखातात आहेत. कुवेत, सौदीत जुगार पूर्ण बंद, तिथे विषयच काढू नका, नोकरी आणि व्हिसा दोन्ही जायची भीती. यूएईत २०२३ मध्ये कमर्शियल गेमिंगसाठी सरकारी नियामक स्थापन झाला, परवाना कोणाला दिलाय त्याची यादी त्यांच्या साईटवर असते. यादीत नाव नाही तर परवाना नाही, रूममेट काय सांगतो याला किंमत नाही.

ब्रिटनमध्ये बेटिंग कायदेशीर आहे आणि तिथली पद्धत बघितली की खरं लायसन्स कसं असतं ते कळतं. गॅम्बलिंग कमिशन नावाची सरकारी संस्था आहे. ॲपच्या किंवा साईटच्या खाली लायसन्स नंबर असतो. तो नंबर त्यांच्या लिंकवरून नाही, तुम्ही स्वतः कमिशनची साईट उघडून तिथल्या सार्वजनिक रजिस्टरमध्ये टाकायचा, आणि कंपनीचं नाव, ब्रँडचं नाव, साईटचा पत्ता, तिन्ही जुळतात का बघायचं. एक अक्षर इकडेतिकडे असेल तर सोडा. वय १८ च्या वर, पैसे लावायच्या आधी ओळख आणि वय तपासतात, आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने बेट लावायला बंदी आहे. म्हणजे "केवायसी नको, क्रेडिट कार्ड चालेल" असं म्हणणारा ॲप तिथेसुद्धा बेकायदा. स्वतःला थांबवायचं असेल तर गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवलं की सगळ्या लायसन्सवाल्या ऑनलाइन साईट तुम्हाला बंद.

सुट्टीला गावी आलात की मात्र ते खातं चालवू नका. व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारं ॲप) लावून चालतं हो, पण बहुतेक कंपन्यांच्या अटीत ते मना असतं, आणि मोठी रक्कम काढायच्या वेळेलाच त्यांना ते दिसतं. भारतातून बाहेर पैसे पाठवून लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक असलं घेणं परकीय चलनाच्या नियमात आधीपासूनच बंद आहे.

मग काय चालतं?

फुकट फँटसी लीग चालते, जिथे भरायचे शून्य. ई-स्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) कायद्याने खेळ म्हणून मान्यता दिली आहे, त्यात नोंदणी फी आणि बक्षीस चालतं, फक्त बाहेरच्याने निकालावर पैसे लावायचे नाहीत. तुमच्या अंडरआर्म टीमने एंट्री भरून ट्रॉफी आणि रोख बक्षीस जिंकलं तर ते खेळणं आहे, बेटिंग नाही. पण तीच मॅच यूट्यूबवर बघत कोणी बाहेर भाव लावत असेल तर ते बेटिंग.

राज्याची लॉटरी आहे, छापील तिकीट. आणि घोडे आहेत. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात, लायसन्सवाल्या रेसकोर्सच्या आत, शर्यतीच्या दिवशी, ठरवलेल्या जागेत पैसे लावणं १८८७ च्या कायद्यातच वगळलेलं आहे. चाकरमान्यांपैकी कोणी जातही असतील. पण तिथला खर्च ऐका, सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, आणि जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के इन्कम टॅक्स अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के. १०,००० जिंकले तर ३,१२० सरकारचे, आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. बेकायदा मिळकतीवरही टॅक्स लागतोच, खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की नोटीस येऊ शकते, आणि तिला "आयडीवर जिंकले" हे उत्तर देता येत नाही.

पैसे आधीच अडकले असतील तर

आधी पुढचे पैसे थांबवा. "विथड्रॉल रिलीज करायला टॅक्स भरा", "खातं व्हेरिफाय करायला अजून ५ हजार टाका" असं सांगतात, ते पैसे पण गेलेच समजा. स्क्रीनशॉट, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर, चॅट, मोबाईल नंबर, सगळं जपून ठेवा, चिडून चॅट डिलीट करू नका. मग १९३० वर फोन, जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवता आले तरच काही हाताला लागतं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही होते, आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जाता येतं. खेळलो म्हणून आपल्यालाच धरतील या भीतीने लोक गप्प बसतात, पण मगाशी सांगितलं तसं, नुसत्या खेळणाऱ्यासाठी त्या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही.

उलटाही प्रकार होतो. ॲपमधून तुम्हाला दोन हजार आले आणि चार दिवसांनी तुमचं खातं फ्रीज. कारण ते दोन हजार दुसऱ्याच कोणाला फसवून आणलेले होते आणि त्याने कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात तक्रार केली. बँकेत जा, कुठल्या पोलिस स्टेशनची, कुठल्या नंबरची तक्रार आहे ते लेखी मागा, आणि त्या अधिकाऱ्याला स्टेटमेंटसकट उत्तर पाठवा. खातं उघडायला वेळ लागतो, पगार किंवा आईची पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर घरात बोंब होते. म्हणूनच कोणी "तुझं खातं, एटीएम आणि सिम महिनाभर दे, भाडं देतो" म्हणाला तर कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणा, तिथे तुम्ही पीडित नसता, आरोपी असता.

आणि हातातून सुटतच नसेल, कर्ज काढून चाललं असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री कधीही लावला तरी चालतो. त्याच दिवशी घरातल्या एकाला यूपीआयची रोजची लिमिट कमी करून द्यायला सांगा आणि फोनमधले लोन ॲप काढून टाका, कारण खेळायचे पैसे संपल्यावर माणूस पहिला तिथेच वळतो.